आईच्या हातावरच्या निळ्या रेघा

आमच्या गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई,

फोनवर तीनदा आभार मानायला गेलो. तिन्ही वेळा तुम्ही "काकींची मूठ वळते का?" एवढंच विचारलंत आणि कुठल्या तरी बाळाचं वजन करायचंय म्हणून फोन ठेवलात. म्हणून लिहितोय. चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय, कारण यातलं थोडं मला चारचौघांतच कबूल करायचंय.

त्या सकाळी मी मुंबईत होतो. आई पावसाने ढासळलेल्या गडग्याचा चिरा उचलत होती. चिऱ्याखाली फुरसं, विषारी साप. उजव्या हाताच्या बोटाला चावलं. चुलते सुंभ घेऊन धावले, हात आवळून बांधायला. एक शहाणा म्हणाला, आधी उतारा करू. तुम्ही छत्री मिटत आलात आणि दोघांनाही बाजूला केलंत. हात बांधायचा नाही, चिरायचा नाही, हलवायचा नाही. मग आईच्या बांगड्या. सूज चढली की काच हातात रुततो, हे तुम्हाला माहीत होतं. पण सवाष्णीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढणं म्हणजे काय, हेही तुम्हाला माहीत होतं. "काकी, वाढवत नाहीये. उतरवून ठेवतेय," असं म्हणत तुम्ही साबण लावून एकेक सोडवलीत. सगळा प्रसंग सांगताना आई अजून या वाक्यापाशी थांबते.

रिक्षा दहा मिनिटांत आली. का आली, ते पुढे सांगतो.

जवळच्या सरकारी ठिकाणी काय झालं ते थोडक्यात. ड्यूटीवरच्या माणसाने दारातूनच बघितलं आणि म्हणाला, "इथं होणार नाही, पुढं न्या." सापाच्या विषावरची लस आहे की नाही, डॉक्टर कधी येणार, याचं उत्तर नाही. बाबांनी चिठ्ठी मागितली, तीही नाही. अहो, नाही जमत तर नाही. पण कधी चावलं, तुमच्याकडे आणलं तेव्हा हात कसा होता, या दोन ओळी लिहायला कुठली लस लागते? आलेल्या माणसाला खुर्ची दाखवायला कुठला निधी मंजूर व्हावा लागतो? त्या माणसाचं नाव मला कळलंय. लिहीत नाही. त्यालाही आई असेल.

चिठ्ठी मिळाली नाही, म्हणून तुम्ही चिठ्ठी आईच्या हातावर लिहिलीत.

रिक्षात बसताच तुम्ही पर्समधलं निळं बॉलपेन काढलंत. सूज जिथवर पोचली होती तिथे आडवी रेघ ओढून शेजारी वेळ घातलीत. पहिली रेघ तुम्ही निघतानाच ओढली होतीत, मनगटाच्या खाली, ९.३०. तिच्या बाजूला बारीक अक्षरात "चावलं ९.१०". दुसरी मनगटाच्या वर, १०.०५. तिसरी कोपराच्या दोन बोटं अलीकडे, १०.४०. उघड्या बाजूने पावसाची झड आत येत होती, तेव्हा तुम्ही छत्री उघडलीत आणि ती ना स्वतःवर धरलीत, ना आईच्या डोक्यावर. हातावर धरलीत. शाई पुसू नये म्हणून. बाबा सांगतात, दोघी चिंब आणि हात कोरडा.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आधी हात बघितला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" तुम्ही घाबरलात. "मीच. चुकलं का काही?" डॉक्टर काही बोलले नाहीत. तुमच्याच हातातलं पेन घेतलं आणि चौथी रेघ त्यांनी ओढली. मग चारही वेळा हातावरून केसपेपरवर उतरवून घेतल्या. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. ते गोठलंच नाही, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. लगेच लस सुरू झाली.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा हात कोहळ्यासारखा झाला होता आणि रेघा तशाच होत्या. नर्सताई पुसायला लागल्या तर आईने हात मागे घेतला. म्हणाली, "राहू दे गो, तिने लिहिलंय ते."

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली असेन. माझी आई, तिसरीपर्यंत शिकलेली, आणि तिच्या अंगावर तिच्याच दुखण्याची तारीखवार नोंद. मोठमोठ्या दवाखान्यांत आम्ही जाडजूड फायली घेऊन फिरलोय. एकाही फायलीत तिच्याकडे कुणी इतकं नीट बघितलेलं नाही.

रात्री वॉर्डात बसून मी वाचत होतो. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे शेतीच्या ऐन दिवसांतले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय आराखडा केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केला. चांगलंच आहे. पण तो वाचताना मला आमच्या शाळेची भिंत दिसत होती.

आता कबुली. मे महिन्यातली ग्रामसभा तुम्हाला आठवत असेल. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या वर्षाच्या दहा हजारांचं काय करायचं, हा विषय होता. तुम्ही उठून म्हणालात, तीन रिक्षावाल्यांशी बोलून ठेवलंय, रात्री-अपरात्री येतील, त्यांचे नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवू. पावसाळ्याआधी सापाची लस कुठल्या दवाखान्यात आहे, ते विचारून तेही खाली लिहू. लोक हसले. मागच्या बाकावर बसलेला एक चाकरमानी म्हणाला, "१०८ आहे की! आणि हे सरकारचं काम, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?"

तो मी होतो.

तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. नंबर रंगवून घेतलेत. जुलैत १०८ दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती. त्या गाडीवाल्यांचा यात दोष नाही, ते तरी किती ठिकाणी पुरणार? बाबांनी भिंतीवरचा पहिला नंबर लावला. आणि "पुढं न्या" म्हणजे नेमकं कुठं, हे त्या दारातल्या माणसाने नाही, भिंतीवरच्या तुमच्या शेवटच्या ओळीने सांगितलं.

सरकारी कागदावर तुम्ही स्वयंसेविका. कामागणिक मोबदला, तोही कधी वेळेवर, कधी नाही. त्या दिवसाच्या हेलपाट्याचा रकाना तुमच्या फॉर्मात आहे का, असं मी विचारलं तर तुम्ही हसलात. रिक्षाचं भाडंही तुम्हीच दिलं होतंत, हे मला रिक्षावाल्याकडून कळलं. ते तुम्ही घेणार नाही म्हणता. ठीक आहे, त्यावर आपण भांडू.

आईच्या हाताची सूज उतरलीय. करंगळी अजून पुरती मिटत नाही, पण भाकरी थापते. तुम्ही रजिस्टरच्या कागदात गुंडाळून परत दिलेल्या बांगड्या तिने परवा घातल्या. कागद टाकलेला नाही, देवघरात ठेवलाय. ओ.आर.एस.च्या पाकिटांचा हिशेब आहे त्यावर, तुम्हाला हवा असेल तर सांगा.

आणि हो, भिंतीवरचा दुसरा नंबर पावसाने पुसट झालाय, शेवटचे दोन आकडे वाचता येत नाहीत. गणपतीला येताना ऑइलपेंटचा डबा आणतोय. नंबर तेवढा बघून ठेवा, मी चुकीचा रंगवायला नको.

तुमचा,
मागच्या बाकावरचा चाकरमानी