मिठाचे षटकोन आणि भेगा

महोदय,

बोलिव्हियातले सालार दे उयुनी हे सुमारे १०,००० चौरस किलोमीटरचे मिठाचे मैदान साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथले षटकोन म्हणजे उन्हाने पडलेल्या भेगा, असे सर्रास छापले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. वरचे पाणी उडून गेले की उरलेले जास्त खारे, जड पाणी जमिनीत खाली उतरते आणि कमी खारे वर येते. जड पाणी उतरते त्या रेषेवर मीठ अधिक साचते. म्हणून मीटर-दोन मीटर रुंद षटकोनांच्या कडा बोटभर उचललेल्या दिसतात. किती देखणी रचना ही!

पावसाळ्यात, डिसेंबर ते मार्च, वर पाण्याचा पातळ थर साचतो आणि वारा पडला की आरसा होतो. तेव्हा मैदानाच्या काठाने गाडी जपून न्यावी. तिथे मिठाचे कवच पातळ, खाली चिखल, चाक रुतते.

– एक वाचक