दोन पाकिटं

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी रात्री तू बोलता बोलता फोन ठेवलास. आईने काय झालं विचारलं, तर मी म्हटलं, रेंज गेली. "औषधांचं दुकान आपलंच आहे ना बाबा, माझ्या गोळीची दोन पाकिटं कुरियरने पाठवायला काय जातं तुमचं?" यावर मी नुसतं "जमणार नाही" म्हणालो, तेही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. चौतीस वर्षं काउंटरमागे उभा राहून तो सूर अंगात मुरलाय. म्हणून आज दुपारची झोप सोडून लिहायला बसलोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. गोळीच्या आधीही देत नव्हतीस.

आधी कायद्याचं उरकतो. तुझ्या गोळीत मिथाइलफेनिडेट आहे आणि ते शेड्युल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत, येतं. पाकिटावर लाल अक्षरात 'एक्सआरएक्स' छापलेलं असेल, बघ. त्याला दुकानाचं वेगळं लायसन्स लागतं, माल कुलपात ठेवावा लागतो, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं सांभाळायची असते. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही ते आहेच. माझ्याकडे ते लायसन्स नाही, कधी घेतलंच नाही. वर्षाकाठी चार गिऱ्हाइकं येणार, त्यांच्यापायी ते रजिस्टर कोण लिहीत बसणार! तेव्हा पाठवायला माझ्याकडे पाकीटच नाही. व्हिडिओवर डॉक्टरला गाठून चिठ्ठी घेते म्हणालीस, तर २०२० साली ऑनलाइन तपासणीचे नियम आले, त्यात शेड्युल एक्सच्या औषधांना बंदीच आहे. म्हणजे डॉक्टरसमोर जाऊन बसण्यावाचून वाट नाही.

पण खरं सांगू? लायसन्स असतं तरी पाठवलं नसतं.

पाडव्याची सकाळ आठव. वसुबारसेपासून तुझं नाक गळत होतं. मी खालून दुकानातून सर्दीची गोळी आणली आणि पाण्याचा पेला घेऊन तुझ्यासमोर उभा राहिलो. तू फराळाला हात लावला नव्हतास, दोन मग कॉफी तेवढी झाली होती. अकराच्या सुमाराला गच्चीवरून कपडे घेऊन खाली आलीस आणि छातीवर हात ठेवून झोपाळ्यावर बसलीस. "बाबा, धडधडतंय." मी मशीन लावलं. १४६ वर ९४, नाडी ११८. बत्तिशीतल्या पोरीचा हा आकडा नाही. मी पट्टा सोडून पुन्हा बांधला, तरी तेच.

तेव्हा कुठे तू पर्समधून ते पाकीट काढून माझ्या हातात दिलंस. आठ महिने चालू होतं. आईला ठाऊक, निखिलला ठाऊक, मला नाही. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन असतं. रक्तवाहिन्या आकसून नाक मोकळं करायचं हे त्याचं काम. तुझं औषध मुळातच नाडी आणि बीपी वर ढकलणारं, त्यावर उपाशीपोटी कॉफी, आणि सगळ्यांवर कडी म्हणून बापाने स्वतःच्या हाताने दिलेली ती गोळी. कुठलीही सर्दीची गोळी देताना मी अनोळखी माणसाला विचारतो, "बीपीची, डोक्याची काही औषधं चालू आहेत का?" पोटच्या पोरीला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पोहे खाल्ल्यावर, सर्दीच्या गोळीशिवाय, तुझं १२४ वर ८० आणि नाडी ८६ आली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तुझ्या आईशी मात्र दोन दिवस बोललो नाही.

तू लपवलंस का, ते कळतं मला. 'वेडाची गोळी' असं काही माझ्या तोंडून निघेल म्हणून. निघालंही असतं. शाळेत असताना तुझ्या प्रगतिपुस्तकावर "लक्ष नसते" हा शेरा यायचा आणि मी त्याच्याखाली सही करून वर तुलाच बोलायचो. आता एकतिसाव्या वर्षी त्याला नाव मिळालं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. मी त्या गोळीच्या विरुद्ध नाही. फ्लॅटच्या कर्जाची फाइल तू एकटीने चार दिवसांत लावलीस, हे निखिलने मला सांगितलंय. मला फक्त त्या गोळीवर डोळा ठेवायचाय, आणि तो डोळा माझा असून भागत नाही.

या औषधाने बीपी सरासरी दोन ते चार आकड्यांनी आणि नाडी तीन ते सहा ठोक्यांनी वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सरासरी म्हणजे कुणाचं काहीच हललं नाही आणि कुणाचं भलतंच चढलं, त्यांचा मिळून केलेला भागाकार. आपण त्यात कुठे बसतो, ते पट्टा बांधल्याशिवाय कळायचं नाही. एक गंमत सांगतो. हे औषध १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत पानिझ्झोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. त्याच्या बायकोचं बीपी कमी असायचं, टेनिस खेळायच्या आधी ती ते घ्यायची. तिचं लाडाचं नाव रिटा, त्यावरून 'रिटालिन'. म्हणजे हे औषध बीपी वाढवतं ही काही नवी बातमी नाही, त्याच्या बारशापासूनची आहे.

ब्रिटनमध्ये 'नाइस' म्हणून संस्था आहे, डॉक्टरांनी काय करावं ते ठरवणारी. त्यांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसांसाठी सरळ लिहिलंय. डोस बदलायच्या आधी आणि बदलल्यावर बीपी-नाडी बघा, पुढे दर सहा महिन्यांनी बघा. वजनही सहा महिन्यांनी. आणि वर्षातून एकदा नीट बसून ठरवा, हे औषध अजून लागतंय का. सप्टेंबरात तुझा डोस १८ चा ३६ मिलिग्रॅम झाला. तेव्हा कुणी पट्टा बांधला? तूच म्हणालीस, सात मिनिटांत बाहेर आले. डॉक्टरला मी दोष देत नाही, बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. पण "माझं बीपी बघा" हे तीन शब्द आपल्या तोंडात असायला हवेत. डोस वाढवल्यापासून तू एकदाही गेलेली नाहीस आणि आता मला पाकिटं मागतेस. माझा राग या गोष्टीवर आहे.

उलट बाजूने, तपासण्यांच्या पॅकेजच्या मागे लागू नकोस. परवा तू पाठवलेली ती 'फुल बॉडी'ची जाहिरात बघितली मी. काही कारण नसताना दरवेळी रक्त तपासा, ईसीजी काढा, असं ती मार्गदर्शिका म्हणत नाही. पट्टा, घड्याळ आणि वजनकाटा, एवढ्यावर बहुतेक काम होतं.

पण तुझ्या बाबतीत एक कारण आहे, आणि ते तू डॉक्टरला सांगितलेलं नाहीस. पहिल्या भेटीच्या फॉर्मवर 'घरात हृदयविकार' या रकान्यात तू 'नाही' लिहिलंस. तुझे आजोबा चव्वेचाळिसाव्या वर्षी, काही दुखत-खुपत नसताना, मळ्यातून येताना बांधावर बसले आणि तिथेच गेले. मी तेव्हा अकरावीत होतो. तू त्यांना पाहिलं नाहीस म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. घरात अशी अचानक मृत्यूची गोष्ट असली, की ती या औषधाच्या आधी सांगायची असते. ईसीजी काढायचा का, हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवायचं का, हे ते ठरवतील. चिडणार नाहीत. आणि जिना चढताना चक्कर, छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं, तर भेटीची तारीख बघत बसायचं नाही, गोळी थांबवून तडक दवाखाना. शांत बसलेली असताना नाडी १२० च्या वर टिकून राहिली तर त्याच दिवशी फोन.

वजनाचं आईने आधी ओळखलं. भाऊबीजेला ओवाळताना तुझ्या बांगड्या पार कोपराकडे सरकत होत्या. मी तुला दुकानातल्या काट्यावर उभं केलं, ५३. लग्नात ५८ होतं. दुपारी तुला भूक लागत नाही आणि रात्री दहाला फ्रिजसमोर उभी राहून तू थंड पिठलं खातेस, हे मी पाणी प्यायला उठलो तेव्हा बघितलंय. त्यावर उपाय सोपा आहे. आधी भाकरी, मग गोळी. सकाळी पोटभर, दुपारी भूक नसली तरी मूठभर शेंगदाणे, आणि रात्रीचं जेवण गोळी उतरली की वेळेवर. गोळी मात्र आठच्या आत. तू उठशील तेव्हा, कधी अकराला घेतेस. ती दहा-बारा तास चालते, मग रात्री दोनपर्यंत छताकडे बघत बसतेस आणि सकाळी पुन्हा अकरा.

संध्याकाळचं जरा नाजूक आहे. सात-साडेसातला तुझा पारा चढतो. त्या पणत्यांवरून निखिलवर केवढी ओरडलीस! गोळी उतरताना काहींना असं होतं, चिडचिड, रडू, अंग गळणं. डॉक्टरला सांगितलं तर ते वेळ किंवा प्रकार बदलून बघतात. न सांगता आपणच दुपारी आणखी एक घ्यायची, हे नको. गोळी अर्धी करून घ्यायची, हेही नको. तुझी गोळी हळूहळू सुटणारी आहे, मोडली किंवा चावली की दिवसभराचं औषध एकदम अंगावर येतं. तुझं पाकीट मिळत नाही म्हणून कुणी दुकानदार "मिलिग्रॅम तेवढेच, हे घ्या" म्हणाला तरी घेऊ नकोस. साधी गोळी तीन-चार तासांत संपते, तिचा हिशोब वेगळा. हे मी माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतोय.

डॉक्टरकडे निखिलला सोबत ने. हसू नकोस. आपण किती सुधारलो ते आपल्याला नीट दिसत नाही, आणि काय बिघडलं तेही. उगाच संशय, भास, जीव नकोसा वाटणं, असलं काही असलं तर ते घरच्याला आधी कळतं. आणि नुसतं "बरं वाटतंय" म्हणू नकोस. बिलं वेळेवर गेली का, मीटिंगमध्ये मध्येच बोलणं थांबलं का, चाव्या किती वेळा हरवल्या, असं सांग. त्या अठरा प्रश्नांच्या कागदावर पहिल्यांदा खुणा केल्या होत्यास, तो घेऊन जा आणि नव्याने भर. रविवारी तू गोळी घेत नाहीस, तेही सांग. कदाचित ते चालेल म्हणतील, पण तो निर्णय चोरून घ्यायचा नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीला डेडलाइनच्या आदल्या रात्री एक गोळी दिलीस, ते मात्र पुन्हा करू नकोस. तिच्या आजोबांचं काय झालं, तुला माहीत आहे का?

बीपी वरच राहिलं तर डॉक्टर कदाचित अॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधावर नेतील. ते शेड्युल एक्समध्ये नाही, मिळायला सोपं. म्हणून मोकळं सुटलो असं समजू नकोस. नाडी तेही वाढवतं, गुण यायला काही आठवडे लागतात. क्वचित यकृताला त्रास होतो, तेव्हा डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली की लगेच दाखवायचं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात जास्त साठतं, तेव्हा तू आधी घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी जवळ ठेव.

आणखी एक. बाळाचा विचार असेल तर तो आधी डॉक्टरच्या कानावर घाल. मी यावर याहून जास्त लिहिणार नाही, आई बोलेल.

पार्सल उद्या एसटीने येईल, स्वारगेटला निखिलला घ्यायला सांग. त्यात बीपीचं मशीन आहे. २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं तेव्हा मी पहिल्यांदा उचलून माळ्यावर टाकलं ते हे नाही, ते पाऱ्याचं होतं. हे नवं आहे, सेलवरचं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा घे आणि दोन्ही आकडे वहीत लिही, चांगला तेवढा नको. वही पण ठेवलीय, तारीख, वेळ, बीपी, नाडी, वजन असे रकाने आखलेत. पहिल्या पानावर पाडव्याचे आकडे मी लिहिलेत आणि पुढे 'सर्दीची गोळी, बाबांनी दिली' असंही. डॉक्टरांना तेही दाखव.

शनिवारची वेळ मी फोन करून घेतलीय, साडेदहा. मी सकाळी येतो, आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. डिंकाचे लाडू आईने दिलेत, वीस आहेत. गोळीच्या आधी एक.

तुझा
बाबा