हेल्परच्या रांगेतला फिटर

मा. संपादक,

औद्योगिक वसाहतीतल्या रोजगार मेळाव्यात किती पोरांना जागेवर नेमणूकपत्रं मिळाली, ती बातमी वाचली. कोणतं काम मिळालं, हे बातमीत नव्हतं. मेळाव्याच्या फलकावरही ते नसतं, म्हणून हे पत्र.

आयटीआयमध्ये मी सव्वीस वर्षं फिटर ट्रेडचा निदेशक होतो. सुरुवातीला पोरांच्या हातात नुसती कानस. लोखंडी ठोकळा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडं धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. पैठण तालुक्यातल्या एका पोराच्या ठोकळ्यातून मला क्वचितच उजेड दिसला. तो आज वाळूजला ठेकेदाराकडं खोक्यांना चिकटपट्टी लावतो. गेटपासवर 'हेल्पर'. शेजारी एक बी.कॉम., पलीकडं एक दहावी नापास. तिघांच्या हजेरीत रुपयाचा फरक नाही. त्याच्याच बॅचचा, मार्कांत बराच मागं असलेला एक जण मेंटेनन्सला लागला. तो महिन्याला साडेपाच हजार जास्त घेतो.

दर वेळी यात ठेकेदाराची लबाडीच असते असं नाही. किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल हे ठरतं कामावरून, प्रमाणपत्रावरून नाही. शिकाऊ उमेदवारीत मात्र शिक्षण मोजतात: 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान 7000, पदविकावाल्याला 8000, पदवीधराला 9000 विद्यावेतन ठरलं. उमेदवारी संपली की तेच पोरगं हेल्परच्या रांगेत.

माझी मुलगी अर्थशास्त्र शिकवते. ती म्हणाली, अमेरिकेत डंकन आणि हॉफमन यांनी 1981 मध्येच हे मोजलं होतं. कामाला लागतं त्याहून जास्तीचं शिक्षणाचं प्रत्येक वर्ष पगारात भर घालतं, पण कामाला लागणाऱ्या वर्षाच्या साधारण निम्मीच. मी म्हणालो, बाई, आमच्या पॅकिंगच्या लाइनीवर तेवढीही दिसत नाही.

मेळावा भरवणाऱ्यांना विनंती एवढीच, की फलकावर प्रत्येक जागेपुढं ट्रेड आणि श्रेणी लिहा, नेमणूकपत्रातही लिहा. आकडा कमी दिसेल, दिसू द्या. परवा ते पैठणचं पोरगं घरी आलं होतं. दुसऱ्या ठेकेदाराकडं अर्ज करायचाय, त्यात आयटीआय लिहू का नको, विचारत होतं. 'जास्त शिकलेला टिकत नाही' म्हणून तिथं परत पाठवतात म्हणे.

– एक निवृत्त निदेशक, गंगापूर