बाबा, टोन कुठे गेला ते सापडलं

प्रिय बाबा,

नमस्कार. तुमचे तिन्ही व्हिडिओ काल रात्री नीट बसून, हेडफोन लावून, शेवटपर्यंत बघितले. ध्वनीचा पाठ इतका सुंदर झालाय की आवाजाच्या गडबडीमुळे तो असाच पडून राहिला तर मला फार वाईट वाटेल, म्हणून फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच पाठवते, म्हणजे कंप्यूटरसमोर बसल्यावर हे शेजारी ठेवता येईल.

पहिल्या व्हिडिओत तुम्ही म्हणता "आता हा ४४० हर्ट्झचा टोन ऐका", स्क्रीनवर बटण दाबलेलं दिसतं, लाट हलताना दिसते, आणि पुढचे दहा सेकंद पूर्ण शांतता. मग "आता ४४४ लावतो, दोन्ही मिळून सेकंदाला चार ठोके मोजा" म्हणता आणि परत शांतता. तुम्हाला मात्र ते ठोके, म्हणजे जवळच्या दोन टोनमुळे आवाज कमी-जास्त होतो ते, ऐकू येत होते कारण तुमच्या कानाला हेडफोन होते. दुसऱ्यात तुम्ही हेडफोन काढलेत, तर टोन आलाय पण लांबच्या खोलीतून आल्यासारखा बारीक. आणि तिसऱ्यात दोन्ही गोष्टी एकदम आल्यात, म्हणजे टोन दोनदा आलाय आणि तुमचं बोलणं सोडून बाकी सगळं रिकाम्या हंड्यातून आल्यासारखं वाटतंय. तुम्ही विचारलंत की कंप्यूटर बिघडलाय का, तर नाही बाबा, कंप्यूटर अगदी ठणठणीत आहे.

मुळात गोष्ट अशी आहे की तुमचा आवाज आणि कंप्यूटरचा आवाज हे रेकॉर्डिंगपर्यंत दोन वेगळ्या वाटांनी येतात. तुमचा आवाज हवेतून माइकमध्ये जातो आणि तिथून आत येतो. टोन मात्र कंप्यूटरच्या आतच आकड्यांच्या रूपात तयार होतो आणि स्पीकरकडे किंवा हेडफोनकडे जायला निघतो, तो बाहेर पडायच्या आधीच त्याची एक प्रत काढून घ्यावी लागते. विंडोजमध्ये याला लूपबॅक म्हणतात, आणि ओबीएस, म्हणजे तुम्ही स्क्रीन रेकॉर्ड करायला वापरता तो प्रोग्रॅम, 'डेस्कटॉप ऑडिओ' या नावाखाली हेच करतो. या दोन्ही वाटा सुरू आहेत का ते आपण बघायचं असतं, एक सुरू असली म्हणून दुसरी आपोआप सुरू होत नाही.

आता पहिल्या व्हिडिओत काय झालं बघा. तुम्ही पाठवलेल्या सेटिंगच्या फोटोत डेस्कटॉप ऑडिओसमोर 'स्पीकर्स' निवडलेलं आहे. आणि तुम्ही लावला होतात यूएसबीचा हेडफोन. विंडोजच्या दृष्टीने स्पीकर वेगळा आणि यूएसबी हेडफोन वेगळा, दोन स्वतंत्र उपकरणं. टोन गेला हेडफोनकडे, ओबीएस कान लावून बसलं स्पीकरकडे, आणि स्पीकरकडे त्या वेळी काहीच जात नव्हतं म्हणून त्याने प्रामाणिकपणे शांतता रेकॉर्ड केली. तर सेटिंग्जमध्ये ऑडिओत जाऊन डेस्कटॉप ऑडिओला तुमचा हेडफोन निवडा, किंवा 'डिफॉल्ट' ठेवा म्हणजे विंडोज ज्याच्याकडे आवाज पाठवेल त्याच्यामागे ओबीएस जाईल. त्याच्याच खाली माइकची ओळ आहे, तिथे मात्र डिफॉल्ट ठेवू नका, तुमचा टेबलावरचा माइकच नावाने निवडा, नाहीतर हेडफोनला जो छोटा माइक आहे तो कधी कधी मध्ये घुसतो.

दुसरा व्हिडिओ तर तुम्हीच ओळखलात, टोन स्पीकरमधून हवेत आला आणि माइकने तो उचलला, आतली वाट त्या वेळी बंद असावी. तिसऱ्यात तोच टोन दोन्ही वाटांनी आला, आतून सरळ आणि हवेतून उशिरा. आता हे तर तुमच्याच विषयातलं आहे! ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकर आणि माइक यांच्यात ३४ सेंटीमीटर अंतर असेल तर १ मिलीसेकंद उशीर. ५०० हर्ट्झच्या लाटेचं अर्धं आवर्तन बरोबर १ मिलीसेकंदाचं, म्हणजे एका प्रतीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येणार आणि दोघी एकमेकींना खाणार. १५०० ला परत तसंच. १००० ला उलट, दोघी मिळून मोठ्या. त्यात माइकचा आवाज कंप्यूटरच्या आत पोचायलाही काही मिलीसेकंद जातात, त्यामुळे प्रत्यक्षात हे खड्डे अजून जवळ जवळ पडतात. तुम्ही फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेलीत ना, त्या भागात आवाज मध्येच बारीक मध्येच मोठा होतो ते यामुळे. माझी खरी काळजी हीच आहे, कारण बघणाऱ्या मुलांना वाटेल की हा त्या टोनचाच गुण आहे, आणि चुकीची गोष्ट डोक्यात बसेल. नुसता आवाज खराब आला असता तर एवढं मोठं पत्र लिहिलं नसतं.

उपाय एकच, रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोन कानावर हवेतच, स्पीकर बंद. आणि हेडफोन वायरचा घ्या. आईचा ब्लूटूथवाला घेऊ नका, कारण ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरायला लागलो की बहुतेक वेळा तो फोन कॉलच्या मोडमध्ये जातो, आणि त्या जुन्या मोडमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुनेच घेतले जातात. ८००० नमुन्यांत त्याच्या निम्म्या म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं काही मावतच नाही, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. नवीन हेडफोनमध्ये १६००० असतात तरी ते कमीच. ओबीएसमध्ये सेटिंग बदललं नाही तर ४८००० असतात.

आता आवाजाची पातळी. खाली ऑडिओ मिक्सरमध्ये दोन पट्ट्या हलताना दिसतील, एक डेस्कटॉपची, एक माइकची. बोलायच्या आधीच त्या दोन्ही हलतात का बघा, ही सवय एकदा लागली की निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात. तुम्ही नेहमीच्या वर्गातल्या आवाजात बोला आणि माइकची पट्टी पिवळ्यात म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मध्ये राहील असं करा. कधीतरी लाल झाली तर हरकत नाही पण शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. बारीक आलेला आवाज नंतर वाढवता येतो, म्हणून शंका असेल तर थोडा कमीच ठेवा. टोनची पट्टी मात्र तुमच्या बोलण्यापेक्षा खाली हवी, हिरव्यातच, कारण सलग टोन कानाला फार लवकर टोचतो आणि हेडफोनवर ऐकणाऱ्याला तर जास्तच.

पंख्याचा आवाज येतो म्हणून तुम्ही नॉइज सप्रेशनचा फिल्टर लावलात ते बरोबर केलंत, पण तो फक्त माइकला लावा, डेस्कटॉप ऑडिओला अजिबात नको. त्या फिल्टरचा जो चांगला पर्याय आहे, आरएननॉइज, तो माणसाचं बोलणं ओळखायला शिकवलेला आहे, बोलणं ठेवायचं आणि बाकीचं काढून टाकायचं एवढंच त्याला माहीत. त्याच्यासाठी पंखा आणि ४४० हर्ट्झचा टोन सारखेच, दोन्ही सलग वाजणारे, दोन्ही नकोसे. म्हणूनच मागे व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला ट्यूनिंग फोर्क वाजवून दाखवत होतात तेव्हा मला काहीच ऐकू येत नव्हतं, कॉलवाले अॅप्सही आपापले असेच फिल्टर लावतात.

एक गोष्ट मी तुम्हाला अगदी आग्रहाने सांगणार आहे, ती म्हणजे दोन्ही आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. ओबीएस ६ ट्रॅक देतं. आउटपुटच्या सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड मोड घेऊन रेकॉर्डिंगमध्ये १, २, ३ वर टिक करायची. मग मिक्सरमधून अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज उघडायच्या आणि माइकला १ आणि २ वर टिक, डेस्कटॉपला १ आणि ३ वर टिक, बाकीच्या काढून टाकायच्या. म्हणजे पहिल्या ट्रॅकवर दोन्ही एकत्र, दुसऱ्यावर फक्त तुम्ही, तिसऱ्यावर फक्त टोन. पहिल्यावर एकत्र ठेवायचंच, ते विसरू नका, कारण साधे प्लेयर पहिलाच ट्रॅक वाजवतात आणि मग वाटतं की आवाज रेकॉर्डच झाला नाही. पण वेगळे ट्रॅक असले की टोन वाजत असताना तुम्हाला खोकला आला तर फक्त खोकला काढता येतो, सगळा पाठ परत घ्यावा लागत नाही. तुम्ही तो ठोक्यांचा भाग चार वेळा घेतलात म्हणालात, तुमचा घसा बसला, मला ते ऐकून कसंतरी झालं.

फाइल एमकेव्ही या प्रकारातच राहू द्या. साध्या एमपी४ मध्ये कुठे काय आहे याची यादी फाइल बंद होताना लिहिली जाते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तर आत सगळं असूनही फाइल उघडत नाही. एमकेव्ही जिथपर्यंत झालं तिथपर्यंत तरी हाताशी राहतं. नंतर फाइल मेनूमधून रिमक्स केलं की एमपी४ होतं, काही सेकंदांचं काम, क्वालिटी जात नाही कारण परत एन्कोड करायचं नसतं. जागेची काळजी करू नका, स्क्रीन फारशी हलत नसेल तर व्हिडिओचा बिटरेट २५०० केबीपीएस पुरतो, त्या हिशोबाने तासाला सव्वा जीबीच्या आसपास होतं. सेकंदाला ३० फ्रेम पुरे.

चित्र आणि आवाज जुळतात का तेही बघा. आवाज चित्राच्या जरा मागून आला तर आपल्याला चालतं, साधारण १२५ मिलीसेकंदांपर्यंत लक्षातच येत नाही, पण पुढे आला तर ४५ मध्येच खटकतं. मला वाटतं आपण जन्मापासून हेच बघत आलो, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, उलटं कधी झालंच नाही. तपासायचं असेल तर टोनचं बटण जोरात क्लिक करा, क्लिकचा टक् माइकमध्ये येईल आणि टोन डेस्कटॉपच्या ट्रॅकवर, दोन्ही जवळजवळ एकाच जागी दिसायला हवेत. फरक फार असेल तर त्याच अॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमध्ये सिंक ऑफसेट आहे, मिलीसेकंदात, तिथे आकडा टाकायचा. पण आधी मला पाठवा, मी बघून सांगते.

आत्याने विचारलं होतं तिच्या मॅकवर हे होईल का. तिला सांगा मॅकओएस १३ किंवा त्यापुढचं असेल तर ओबीएस आतला आवाज सरळ घेतं, आधीच्यावर मात्र ब्लॅकहोलसारखं एक खोटं साउंड कार्ड बसवावं लागतं, ते तिने एकटीने करू नये, मी कॉलवर असताना करू.

हे सगळं मला इतकं का लागतं ते आता सांगते, आजवर घरी बोलले नाही. आजी आजारी पडायच्या आधी तिचा तो लांबलचक कॉल झाला होता, तिने तिच्या शाळेचं, तिच्या भावांचं, तुमच्या जन्माच्या वेळचं सगळं सांगितलं होतं, दीड तास. तिला विचारून मी स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं होतं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर फक्त माइक रेकॉर्ड झाला होता. स्क्रीनवर आजी बोलतेय, हात हलवतेय, हसतेय, आणि ऐकू येतंय ते माझं "हं", "मग?", "खरंच?" एवढंच. आतल्या आवाजाची वाट मी सुरूच केली नव्हती. वीस सेकंदांची चाचणी घेतली असती तर तेव्हाच कळलं असतं. ती फाइल मी अजून ठेवलीय, तिच्या ओठांवरून काही शब्द कळतात, तुमचं नाव तर दोनदा अगदी स्पष्ट कळतं.

आता आजी बरी आहे, बोलतेय, तर येत्या रविवारी परत तिच्याशी बसायचंय. ती हो म्हणाली तरच रेकॉर्ड करू, आणि या वेळी इकडून मी आणि तिकडून तुम्ही, दोघंही करू, म्हणजे तिचा आवाज तुमच्याकडे माइकच्या वाटेने येईल आणि माझ्याकडे आतल्या वाटेने. तुमच्याकडची प्रत जास्त चांगली असेल कारण ती इंटरनेटवरून आलेली नसेल. माइक तिच्या तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला ठेवा, समोर ठेवला की प आणि फ म्हणताना फुंकर बसते. फोन, नोटिफिकेशन सगळं बंद.

त्याआधी तुम्ही वीस सेकंदांची एक फाइल करून पाठवा, पाच सेकंद नुसतं बोला, पाच सेकंद नुसता टोन, मग दोन्ही एकत्र, आणि शेवटी काहीच न बोलता बसा म्हणजे खोलीतला पंखा किती येतो ते कळेल. तेवढी ऐकून मी लगेच कळवते, मग पाठ परत घ्या. ४४० आणि ४४४ चे ठोके मला तुमच्याच व्हिडिओत मोजायचेत.

आईला सांगा तिच्या मेलला उद्या उत्तर लिहिते.

तुमची लेक