‘फॉरमॅट ऑल’वरून माझा हात बाजूला करणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री साडेदहाला फोन केला तेव्हा मागे शटर ओढल्याचा आवाज आला होता. तरी तुम्ही ‘बोल’ म्हणालात.

समोर आमच्या आशाताईंचा मोबाइल सेट होता. मीडियाटेक चिपचा, साडेसात हजारांचा. अपडेट अर्ध्यात तुटलं आणि तो लोगोवरच अडकला. दुपारपासून मी फ्लॅश टूलशी, म्हणजे कॉम्प्युटरवरून मोबाइलमध्ये सॉफ्टवेअर नव्याने भरायच्या प्रोग्रामशी, झटत होतो. लाल पट्टी सरकायची आणि लगेच ‘सेंड डीए फेल’. डीए म्हणजे डाउनलोड एजंट, पुढचं भरणं सुरू करायला आधी मोबाइलमध्ये जाणारा छोटा प्रोग्राम; तोच आत जाईना. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकले, व्हॉल्यूमची बटणं दाबून दाबून अंगठे दुखले. बोर्ड गेला, असंच ताईंना सांगणार होतो.

तुम्ही म्हणालात, “सिक्युअर बूटचा सेट ना? मग कुठलाही डीए कसा घेईल तो? बोर्डाला शिव्या देऊ नकोस.”

कंपनीच्या किल्लीची खूण कारखान्यातच चिपच्या फ्यूजमध्ये कायमची बसते, आणि डीएवरची सही तिच्याशी जुळली नाही तर बूट रॉम, म्हणजे चिपमधला सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, त्याला दारातूनच परत पाठवतो, हे मला तेव्हा कळलं. कोर्समध्ये एवढंच शिकवलं होतं, फाइल टाका, डाउनलोड दाबा!

कुलूप उघडणारी कंपनीची परवानगीची फाइल, ऑथ फाइल, मागितली तर तुम्ही साफ नाही म्हणालात. “कंपनीने विश्वासाने दिलीय, ती बाहेर जाणार नाही. सेट घेऊन सकाळच्या एसटीने ये.” खरं सांगतो, तेव्हा राग आला होता.

सकाळी तुमच्या टेबलाशी बसलो, आणि सवयीने माझा माउस ‘फॉरमॅट ऑल’वर, म्हणजे मोबाइलमधलं सगळं पुसणाऱ्या पर्यायावर गेला. तुम्ही मनगटच धरलंत. “एनव्हीरॅम, म्हणजे सेटची ओळख साठवलेला भाग, उडालं की आयएमईआय, सेटचा ओळख क्रमांक, गेला. मग तो परत लिहीत बसणार? आयएमईआयशी छेडछाड म्हणजे तुरुंगाचं काम आहे.” आधी रीडबॅक करून, म्हणजे मोबाइलमधून वाचून घेऊन, एनव्हीरॅमचा बॅकअप घेतलात, सॉफ्टवेअरचा बिल्ड नंबर दोनदा जुळवलात, ताईंचे फोटो असलेल्या ‘यूजरडेटा’समोरची टिक काढलीत, आणि मगच काही न पुसता भरणारं ‘डाउनलोड ओन्ली’ दाबलंत. पिवळी पट्टी संपेपर्यंत केबलला हात लावू दिला नाहीत.

हिरवी खूण आली. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबल्यावर आलेले आयएमईआयचे पंधरा-पंधरा आकडे खोक्यावरच्या आकड्यांशी मी बोट ठेवून ताडले. ताईंचे लसीकरणाचे फोटो जागच्या जागी होते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, वर चहाही तुम्हीच पाजलात. गडबडीत तुमचा निळा पेन ड्राइव्ह माझ्या पिशवीत आलाय. बुधवारी आणून देतो.

तुमचा,
एसटीने आलेला पोरगा