मोठ्या प्रिंटरची निवड रुंदीवरून करू नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

छायाचित्रांसाठी मोठा इंकजेट प्रिंटर कसा निवडावा, याविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख मी आवडीने वाचला. लेखातील बहुतेक माहिती चुकीची नाही. मात्र प्रिंटरची रुंदी (म्हणजे त्यात मावणाऱ्या कागदाची रुंदी), डीपीआयचा (इंचामागे शाईच्या ठिपक्यांचा) आकडा आणि यंत्राची किंमत या तीनच रकान्यांवर सगळी तुलना उभी केल्यामुळे पहिल्यांदा असे यंत्र घेणाऱ्या वाचकाची दिशाभूल होईल, असे गेली बारा वर्षे स्वतःची छायाचित्रे स्वतः छापणारा वाचक म्हणून मला वाटते. महिन्याला किती प्रिंट्स काढणार, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता. तो लेखात कुठेच नाही.

इंकजेटच्या हेडला, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाला, केसाहून बारीक छिद्रे असतात आणि ती हजारोंनी असतात. कॅननच्या १७ इंची प्रो-१००० मध्ये बारा शायांची मिळून १८,४३२ आहेत. यंत्र वापरात असेल तर त्यांतून शाई वाहती राहते. ते पडून राहिले की शाई छिद्रांच्या तोंडाशी सुकते, आणि मग हेड साफ करण्यासाठी यंत्र ताजी शाई ओढून ती थेट टाकाऊ शाईच्या टाकीत सोडते. माझे पहिले मोठे यंत्र २४ इंची होते आणि मीही ते रुंदी पाहूनच घेतले होते. एकदा सलग दहा आठवडे त्याला हात लागला नाही. त्यानंतर नोझल चेक, म्हणजे सगळी छिद्रे उघडी आहेत का हे दाखवणारा नमुना, काढले, तेव्हा जिथे बारीक रेघांचा अखंड जिना दिसायला हवा, तिथे फिक्या निळ्या शाईच्या चौकटीत जेमतेम पाच-सहा रेघा उमटल्या होत्या. चार वेळा सफाई केल्यावर जिना पूर्ण झाला. टाकाऊ शाईची टाकी मी सफाईच्या आधी आणि नंतर, निव्वळ कुतूहलापोटी, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिली. वजन ६२ ग्रॅमने वाढले होते. एप्सनच्या पी-९०० या १७ इंची यंत्राचे अख्खे कार्ट्रिज ५० मिलिलिटरचे असते, यावरून एकही छायाचित्र न छापता किती शाई गेली याचा अंदाज यावा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे या यंत्रांइतके क्वचितच कशाला लागू पडत असेल.

याच कारणासाठी हेडचा प्रकार जाणून घेणे आवश्यक आहे, आणि लेखात त्याला एक ओळही मिळालेली नाही. एप्सनची यंत्रे पिझो पद्धतीची असतात, म्हणजे विजेचा दाब मिळताच आकार बदलणारा घटक शाईचा थेंब बाहेर ढकलतो. कॅनन आणि एचपीची यंत्रे थर्मल पद्धतीची, म्हणजे शाई क्षणभर तापून बुडबुडा तयार होतो आणि तो थेंब ढकलतो. पिझो हेड यंत्राच्या आयुष्यभरासाठी बसवलेले असते. थेंबाच्या आकारावर त्याचा ताबा उत्तम असतो, पण ते कायमचे बिघडले तर तंत्रज्ञाला बोलवावे लागते आणि त्याचा खर्च ऐकून अनेकजण नवे यंत्रच घेतात. थर्मल हेड मुळातच झिजणारा भाग मानलेला असतो आणि या वर्गातल्या यंत्रांत ते वापरणाऱ्याला स्वतः बदलता येते. एखादे छिद्र बंद पडलेच तर शेजारच्या छिद्रांकडून काम करून घेण्याची सोयही अशा यंत्रांत असते. यांतली एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ, असे मी म्हणणार नाही; पण ज्याचे छापणे अधूनमधून होते त्याने हा फरक समजून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

रुंदीचा मोह कमी करायला साधा हिशेब पुरतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील चित्र ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे असते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ते सुमारे २० गुणिले १३ इंच होते, आणि ए-२ कागद घेणाऱ्या १७ इंची यंत्रात आरामात मावते. तेच चित्र ३६ गुणिले २४ इंचांवर छापले, तर इंचाला सुमारे १६७ पिक्सेल उरतात. चार पावलांवरून पाहणाऱ्याला ते चालते, पण प्रदर्शनात नाक लावून पाहणारेही असतातच. ४४ इंची यंत्रांपैकी काही तर स्टँडसह १०० किलोंच्या पुढे जातात, तेव्हा ती खोलीच्या दारातून आत कशी येणार, हा प्रश्नही चेष्टेचा नाही. डीपीआयच्या आकड्याबद्दल एवढेच सांगतो की ५७६० गुणिले १४४० हा शाईचे थेंब किती जवळ टाकता येतात याचा आकडा आहे, चित्रातील तपशिलाचा नव्हे. एकेक छटा अनेक थेंब मिळून तयार होते.

मोठ्या यंत्रांत शाई स्वस्त पडते, हे लेखातील विधान अर्धेच खरे आहे. काही २४ इंची यंत्रांची कार्ट्रिजे १६०, ३३० किंवा ७०० मिलिलिटरची मिळतात आणि दर मिलिलिटरचा भाव मोठ्या कार्ट्रिजला कमी असतो, यात वाद नाही. परंतु शाईलाही मुदत असते, पिगमेंट शाईत न विरघळता तरंगणारे रंगकण कालांतराने तळाशी बसतात, आणि नव्या यंत्रासोबत आलेल्या शाईपैकी बराच भाग पहिल्याच दिवशी नळ्या भरण्यात जातो.

जुने यंत्र घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक आणि मॅट कागदाला मॅट ब्लॅक अशा दोन काळ्या शाया लागतात. एप्सनच्या ३८८० आणि पी-८०० या यंत्रांत दोहोंना मिळून एकच वाट होती. कागदाचा प्रकार बदलला की आधीची काळी शाई त्या वाटेतून काढून टाकावी लागे आणि तेवढी फुकट जाई. २०२० मध्ये आलेल्या पी-९०० मध्ये दोघींना स्वतंत्र छिद्रे मिळाली. जो आज चकचकीत बरायटा आणि उद्या सुती मॅट कागद वापरणार आहे, त्याला हा फरक दोन-चार इंच रुंदीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

डाय शाईची, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईची, यंत्रे स्वस्त आणि अधिक चमकदार म्हणून लेखकाने सुचवली आहेत. रंगांच्या चमकीबद्दल ते बरोबर आहेत. तथापि १९९१ मध्ये संगीतकार ग्रॅहॅम नॅश यांच्या छपाईशाळेत छपाईकार जॅक ड्युगॅन यांनी ज्या कलात्मक इंकजेट प्रिंट्सना ‘जिक्ले’ हे भारदस्त नाव दिले, त्या आयरिस नावाच्या इंकजेट यंत्रावर डाय शाईनेच निघत असत, आणि त्या काळातील अशा अनेक प्रिंट्स उजेडात फार लवकर फिकट पडल्या. डाय शाया त्यानंतर खूप सुधारल्या आहेत. तरीही भिंतीवर वर्षानुवर्षे राहायचे किंवा कुणाला विकायचे छायाचित्र असेल तर पिगमेंटच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कृष्णधवल छपाईत तर करड्या शायांची संख्या आधी पाहावी. एकाच काळ्या शाईच्या यंत्रावर करडा रंग इतर रंगांच्या मिश्रणातून येतो, आणि खिडकीजवळ निर्मळ वाटलेली प्रिंट रात्री दिव्याखाली हिरवट किंवा जांभळट दिसते.

कागदाच्या वाटेकडेही कुणी लक्ष देत नाही. रोलचा शेवट जवळ आला की जाड कागद घट्ट वळलेला असतो, त्याचे टोक वर उचलले जाते आणि हेड त्यावर घासून कोपऱ्यात काळा ओरखडा उमटतो. तोही बहुधा छपाई जवळजवळ पूर्ण झाल्यावर! कागद हवेने खाली ओढून धरण्याची सोय किती सक्षम आहे आणि जाड सुटा कागद सरळ वाटेने आत जातो का, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष छापून घेऊन पाहावे, आणि त्यासाठी स्वतःचा कागद व स्वतःचे चित्र न्यावे. विक्रेत्याच्या नमुना-चित्रातील पोपट प्रत्येक यंत्रावर सुंदरच दिसतात.

आठवड्याला निदान एक-दोन प्रिंट्स काढणाऱ्याने १७ इंची यंत्र घ्यावे आणि वर्षातून कधीतरी लागणारी मोठी प्रिंट बाहेरून करून घ्यावी, असा सल्ला मी ओळखीच्यांना देतो. त्याहूनही कमी छापणाऱ्याने यंत्र घेऊच नये.

आपण या विषयावर पुढचा तक्ता प्रसिद्ध कराल तेव्हा त्यात दर मिलिलिटर शाईचा भाव, टाकाऊ शाईच्या टाकीची किंमत आणि हेड बदलण्याचा खर्च हे तीन रकाने अवश्य घालावेत, अशी विनंती आहे. जागा अपुरी पडत असेल तर डीपीआयचा रकाना काढून टाकायला हरकत नाही.

आपला नम्र,
एक नियमित वाचक