ताई, आज विषय बदलू नका

ति. ताईंना साष्टांग नमस्कार.

साष्टांग हा शब्द रीत म्हणून लिहिलेला नाही. सांता फेच्या स्कीच्या उतारावर पहिल्याच दिवशी मी तुम्हाला किमान ४० साष्टांग नमस्कार घातलेत. काही पालथे, काही उताणे, आणि एक असा, की एक स्की माझ्या पायात आणि दुसरी वर कुठेतरी बर्फात रुतलेली.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. इतक्या वर्षांत मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा उत्तर एकच: "ते राहू दे बे, टायरमध्ये हवा किती आहे?" म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. इथे तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ताई मूळच्या नागपूरच्या, तीसेक वर्षांपासून अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात. मी सांगलीचा. २०१८ साली नोकरीसाठी अल्बुकर्कीला आलो तेव्हा बायको आणि मुलगा व्हिसाची वाट बघत सांगलीतच होते. वाळवंटातलं शहर म्हणून मी उन्हाची तयारी करून आलो होतो, उंचीची नाही. इथल्या पूर्वेकडच्या वस्त्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावर आहेत, आणि त्यांच्या पाठीशी सँडिया डोंगर १०,६७८ फुटांपर्यंत चढत जातो. पहिले दोन आठवडे जिना चढताना धाप लागायची, नाकातून रक्त यायचं. सुट्टीचे दिवस मी खिडकीत बसून त्या डोंगराकडे बघत काढायचो. सँडिया म्हणजे स्पॅनिशमध्ये कलिंगड. मावळतीला तो खरोखरच कलिंगडाच्या फोडीसारखा लालगुलाबी होतो. सुंदर दिसायचा. पण एकट्या माणसाने रोज संध्याकाळी डोंगर बघणं फार चांगलं नव्हे.

त्या वर्षी एका घरी गणपतीची आरती होती. प्रसादाच्या रांगेत तुम्ही विचारलंत, "सायकल येते का?" मी म्हटलं, शाळेत सायकलनेच जायचो. "मग शनिवारी सकाळी साडेसहाला ये." माझं नाव तुम्ही त्यानंतर विचारलंत.

सांगलीच्या सपाट रस्त्यावरचा तो आत्मविश्वास पहिल्या शनिवारी दहा मिनिटंही टिकला नाही. जुनी माउंटन बाइक विकत घेतली होती. पार्किंगमधून वाटेकडे येताना मोकळ्या प्लॉटमधून मुसंडी मारली आणि दोन्ही टायर बसले. तुम्ही वाकून टायरमधून एक काटा उपसलात, तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "ओळखलास का?" ओळखणार नाही तर काय! सराटा. लहानपणी शेतात अनवाणी फिरताना टाचेत घुसायचा तोच. इथले लोक त्याला बकऱ्याचं डोकं म्हणतात, कारण त्या बीला दोन शिंगं असतात. वनस्पतीही तीच, आपलं गोखरू, समुद्र ओलांडून इकडे आलेलं. परक्या देशात पहिली ओळखीची वस्तू भेटली, तीही टोचून.

त्याच दुपारी तुमच्या गॅरेजमध्ये तुम्ही माझ्या चाकांतल्या ट्यूब काढून टाकल्यात आणि टायरमध्ये दुधासारखं पातळ द्रव ओतलंत. काटा घुसला की ते भोकापाशी जमतं आणि भोक बुजवतं. या भागात त्याशिवाय कुणी सायकल बाहेरच काढत नाही. तेव्हापासून हवेचा प्रश्न तुम्ही मला दर शनिवारी विचारत आलात.

आता फाट्यांबद्दल. मला खरं तर याच्याचबद्दल लिहायचंय.

डोंगराच्या पायथ्याची ३६५ क्रमांकाची वाट आपल्या शनिवारच्या सायकल-टोळीतल्या इतरांसाठी कोवळं ऊन खायची जागा होती. माझ्यासाठी ती छातीतला भाता होती. सगळ्यांत मागे मी. आपला नियम असा, की जिथे वाट फुटते तिथे पुढच्यांनी मागच्यासाठी थांबायचं. बऱ्याच टोळ्यांत हा नियम असतो. पण त्यात एक मेख असते: पुढचे पाच मिनिटं बसून ताजेतवाने होतात, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला रे पोचला की सगळे "चला" म्हणून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. आपल्याकडे असं कधीच झालं नाही. कारण मी पोचलो की नेमका तुमचा मागचा ब्रेक बिघडायचा. तुम्ही सायकल उलटी करायचात, चाक फिरवून कान लावायचात, "आवाज करून राहिला बघ" म्हणायचात. बाकीचे गप्पा मारायचे. मी पाणी प्यायचो. माझा श्वास जागेवर आला की तुमचा ब्रेकही दुरुस्त व्हायचा.

मला वाटायचं, ताई एवढ्या हुशार, पण ब्रेकच्या बाबतीत अगदीच नशीबवान नाहीत.

त्या थांब्यांवर मी काय काय शिकलो! टोळीतल्या भूगर्भशास्त्रज्ञाने दाखवलं, की पायाखालचा ग्रॅनाइट सुमारे १४० कोटी वर्षांचा, आणि वर माथ्यावर चुनखडीचा जो थर दिसतो तो सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा. त्यात शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं खडकातून गायब. मी फुशारकीने सह्याद्रीचा काळा पाषाण पुढे केला, तर तो म्हणाला, साडेसहा कोटी? म्हणजे कालचा. तुम्ही तेव्हा ब्रेक सोडून हसत बसलात.

सॅन इसिड्रोजवळच्या जिप्समच्या धारेवर मी सायकलवरून उतरलो आणि मान खाली घालून चालू लागलो. पांढरी धार, दोन्हीकडे उतार, मधे सायकलपुरती जागा. तुम्ही पुढे होतात. मागे न बघता तुम्हीही उतरलात आणि चालू लागलात. "इथलं दृश्य सायकलवरून दिसत नाही," म्हणालात. दृश्य दोन्हीकडून तेवढंच दिसत होतं, ताई.

मोआबला गेलो ते सहा-साडेसहा तासांचं गाडीचं अंतर कापून, टपावर पाच सायकली आणि मागे तुमचा पोळ्यांचा डबा. स्लिकरॉकच्या वाटेबद्दल मी भीतीने आधीच वाचून ठेवलं होतं: १९६९ साली मोटारसायकलींसाठी आखलेली, दगडावर पांढरे तुटक पट्टे मारलेले. स्लिकरॉक, म्हणजे गुळगुळीत दगड, हे नाव घोड्यांमुळे पडलं, त्यांचे लोखंडी नाल त्यावर घसरायचे. रबराचा टायर मात्र त्या वाळूच्या दगडाला घोरपडीसारखा चिकटतो. चढ बघून पोटात गोळा येतो आणि सायकल चढून जाते. ती आख्खी टेकाडं म्हणजे दगड झालेल्या वाळूच्या टेकड्या. संध्याकाळी फोटोसाठी मी वाट सोडून बाजूच्या काळपट मातीकडे निघालो, तेव्हा तुमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "तिथे पाय ठेवू नको बे! तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे ती माती." नंतर समजावलंत, की ते मातीवरचं जिवंत कवच आहे, त्यात सूक्ष्म जिवाणू असतात, शेवाळ असतं, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडंही असतात. एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. मी तेव्हापासून वाळवंटाला ओसाड म्हणत नाही.

खांद्याचं हाड मोडलं त्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण चूक सर्वस्वी माझी होती आणि वेगाची हौसही माझीच. तोवर बायको-मुलगा इकडे आले होते. सहा आठवडे माझा हात गळ्यात. तुम्ही डबा आणलात, तो सगळेच आणतात. पण तुम्ही त्या सहा आठवड्यांत माझ्या बायकोला गाडी शिकवलीत. सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, रोज संध्याकाळी, स्वतःची गाडी देऊन. मी पडलो म्हणून घरात गाडी चालवणारं दुसरं माणूस तयार झालं. ती म्हणते, पुन्हा पडायचं असेल तर सांग, मला पोहायचंही शिकायचंय.

आणि मग टाओस.

टाओसच्या स्कीच्या डोंगराच्या पायथ्याशी तो प्रसिद्ध फलक आहे: घाबरू नका, तुम्हाला दिसतोय तो आमच्या डोंगराचा फक्त तिसावा भाग, सोपे उतारही भरपूर आहेत. समोर जवळजवळ भिंतीसारखा उतार असतो, म्हणून तो फलक. मी तो वाचला, हसलो, आणि दुपारी चुकीच्या फाट्यावर वळलो. पुढच्या दोघांच्या मागे जाण्याची घाई, दुसरं काय. वळण संपलं तेव्हा पायाखाली काळ्या दर्जाचा, म्हणजे अवघड, उतार होता आणि पुढचे दोघे दिसेनासे झाले होते. मला तेव्हा येत होतं ते फक्त पिझ्झाच्या त्रिकोणासारख्या स्की करून हळूहळू उतरणं. तो त्रिकोण तिथे चालत नाही. मी बसलो. नुसता बसलो. पाय थरथरत होते. वारा सुटला होता आणि हातमोज्यात बोटं बधिर होत होती.

खाली लिफ्टपाशी मी दिसलो नाही, तेव्हा तुम्ही पुन्हा वर आलात आणि एकेक वाट धरून शोधत उतरलात. सापडलो तेव्हा "काय झालं" हेही विचारलं नाहीत. स्की काढल्यात, शेजारी बर्फात बसलात आणि खिशातून तिळाच्या वड्या काढल्यात. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. "घे. गोड बोल." मी गोड काय, काहीच बोलू शकलो नाही. आपण वड्या खाल्ल्या. मग तुम्ही उठलात, माझ्या खालच्या बाजूला उताराला आडव्या उभ्या राहिलात आणि म्हणालात, "खाली काऊन पाहून राहिला? माझ्याकडे पाह. पडलास तर माझ्यावर पडशील."

स्की उताराला आडव्या ठेवायच्या, कडा किंचित सैल सोडायच्या, वीतभर घसरायचं, पुन्हा कडा रोवायच्या. अंग मागे डोंगराकडे टाकायचं नाही, भीती वाटली तरी दरीच्या बाजूच्या पायावर भार द्यायचा. वीतभर, मग हातभर, मग थांबा. किती वेळ लागला कोण जाणे. तुम्ही सबंध वेळ उलट तोंडाने माझ्याबरोबर उतरत राहिलात.

खाली सगळे काळजीत उभे होते. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "अरे, वर गप्पा मारत बसलो आम्ही, वेळेचं भानच राहिलं नाही." कुणी जास्त विचारलं नाही. रात्री हिरव्या मिरचीच्या रश्श्यावर ताव मारताना, रेड की ग्रीन, म्हणजे लाल मिरची की हिरवी, या इथल्या कायमच्या प्रश्नावर वाद घालताना, मी त्यांच्यातलाच एक होतो. मला वाचवलंत हे मोठंच. पण ते खोटं बोललात, त्याचे आभार मला जास्त मानायचेत.

यंदा मार्चमध्ये एका दिवशी सकाळी सांता फेला स्की आणि दुपारी पायथ्याला सायकल, असं आपण दोघांनी केलं तो शेवटचा शनिवार. बर्फावर वाळवंटातून उडून आलेल्या धुळीचा तांबूस थर होता, त्यानेच तो लवकर वितळतो. जूनमध्ये तुम्ही आईंजवळ नागपूरला गेलात. सायकल माझ्या गॅरेजमध्ये ठेवून गेलात.

परवा ती मी दुकानात नेली. म्हटलं, ताई यायच्या आधी तो मागचा ब्रेक कायमचा नीट करून ठेवू. मेकॅनिकने तासभर तपासला. म्हणाला, याला काहीच झालेलं नाही. कधी काही झालं असेल अशी खूणही नाही.

मी दुकानाबाहेर बराच वेळ सायकल धरून उभा राहिलो.

आईंना माझा नमस्कार सांगा. ऑक्टोबरमध्ये या, मिरच्या भाजून डबे भरून ठेवलेत. आणि तुम्ही आता विचारणारच, म्हणून सांगतो. पुढे २२, मागे २४.

आपला,
मागून येणारा